सत्पात्री दान म्हणजे नेमकं कुणाला?

॥ श्री गुरवे नमः ॥



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपले कुटुंब-ग्रुप कसे फुलून जातात ते आपण दर वर्षी पाहतो. कुणाच्या मुलीला 94 टक्के, कुणाच्या नातवाला 88. पेढ्यांचे फोटो, गुणपत्रिकेचे फोटो, माऊलींच्या तसबिरीसमोर डोकं टेकलेल्या मुलाचा फोटो. आपण सगळे फुलं आणि जोडलेले हात पाठवतो. तो आनंद खरा असतो आणि तो व्हायलाच हवा.

पण ज्यांचे फोटो येत नाहीत अशीही मुलं आपल्याच वाड्यावर असतात. 58 टक्के मिळाले, 63 मिळाले, पास झाली, पण कुणी ग्रुपवर टाकलं नाही. काही घरांत तर त्या संध्याकाळी वेगळंच बोलणं चाललेलं असतं: पुढे पाठवायचं की आता कामाला लावायचं?

निकालांपाठोपाठ आपल्याकडे गुणगौरव होतो आणि शैक्षणिक मदतनिधीचं वाटपही होतं. त्या वेळी पेडणे आणि डिचोली अशा दोन्हीकडच्या सेवागटांत एकच प्रश्न फिरून येतो. निधी थोडा, अर्ज पुष्कळ. मग द्यायचं कुणाला? ज्याचे गुण जास्त त्याला, की ज्याची गरज जास्त त्याला? आम्ही भगिनींनी यावर खूप बोलणं केलं. त्यातून जे हाती लागलं ते आज सर्वांसमोर ठेवतो आहोत.

*गुणांना कमी लेखू नये*

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गुण मिळवणं सोपं नाही. पहाटे उठून, मोबाइल बाजूला ठेवून, सणवार सोडून मूल अभ्यास करतं तेव्हा ते एक प्रकारचं तपच असतं. त्याला कुणी "त्यात काय मोठंसं" म्हणू नये.

गुणांच्या यादीने समाजावर एक मोठा उपकारही केला आहे. यादीला वशिला कळत नाही. मूल कुणाचं, कुठल्या घरातलं, कुठल्या जातीचं, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला माहीत नसतं. ज्यांना शेकडो वर्षं शिक्षणाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं गेलं, त्यांच्या लेकरांना पहिल्यांदा आत घेणाऱ्या दारांत परीक्षेचं दारही होतं. म्हणून "टक्के बिक्के सगळं खोटं" असं म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

आपल्या भागाचंच बघा. पेडणे आणि डिचोली म्हणजे नव्या काबिजादी. पेडणे 1788 साली पोर्तुगिजांकडे गेलं. त्यानंतर 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त होईपर्यंत इथल्या मुलाला उच्च शिक्षण म्हटलं की घर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पणजीला वैद्यकीय शाळा होती, 1842 पासूनची, पण तिथवर पोचणारे किती? मराठी शिकायचं ते देवळाच्या आवारातल्या एखाद्या खाजगी शाळेत, आणि पुढे सावंतवाडी, बेळगाव, पुणे, मुंबई. ज्याच्या घरी पैसा किंवा मुंबईत नातेवाईक तो गेला, बाकीचे राहिले.

मुक्तीनंतर 1962 साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले अशी कॉलेजं निघाली. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या. 1985 साली ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आलं. आज डिचोली तालुक्यात साखळीला सरकारी कॉलेज आहे, पेडण्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचं सरकारी कॉलेज आहे. एकाच घरात आजी अंगठा उठवणारी आणि नात पदवीधर, असं आपण डोळ्यांनी पाहतो. ही मोठी कृपा आहे. पण कॉलेज जवळ आलं म्हणजे सगळ्यांना ते सारखंच जवळ आलं, असं होत नाही.

*समजा दोन मुलं आहेत*

एक डिचोली शहरातला. आई-वडील दोघं नोकरीला. घरात पुस्तकं आहेत, इंग्रजी बोललं जातं. अकरावीपासून नीट-जेईईचा क्लास लावलेला, सोडायला-आणायला वडिलांची गाडी. त्याला बारावीला 92 टक्के.

दुसरी केरी-तेरेखोलच्या बाजूची. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत शिकली. पाचवीत हायस्कूलला गेली आणि एका सुट्टीत सगळं इंग्रजी झालं. गणित तेच, पण गणिताची भाषा बदलली. घरी विचारायला कुणी नाही. आई पर्यटन हंगामात गेस्टहाऊसच्या खोल्या साफ करते, वडिलांना पावसाळ्यात काम नाही. हंगामात आई उशिरा येते म्हणून धाकट्या भावाला सांभाळणं आणि स्वयंपाक हिच्याकडे. सकाळची बस चुकली की पहिला तास गेला. तिला 71 टक्के.

आता आपण दोघांना एका कागदावर वर-खाली लिहितो. 92 वर, 71 खाली. कागद खोटं बोलत नाही, पण तो सगळं सांगतही नाही. कोण कुठपर्यंत पोचलं हे त्यावर असतं, कुठून निघालं हे नसतं. तिला मिळालेले 71 टक्के हे त्याच्या 92 पेक्षा मोठे आहेत असं आम्ही म्हणत नाही. ते मोजायचं माप आपल्याजवळ नाहीच. आम्ही एवढंच म्हणतो की ती कमी पात्र आहे, हे त्या कागदावरून ठरत नाही.

डिचोलीच्या खाणपट्ट्यातली घरं आठवा. 2012 साली खाणी थांबल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रकवर कर्ज काढलेल्या घरांचं उत्पन्न एका दिवसात थांबलं, हप्ते मात्र थांबले नाहीत. त्या वर्षांत जी मुलं दहावी-बारावीला होती, त्यांच्या गुणपत्रिकेवर "खाण बंद" असं कुठे लिहिलेलं नाही. गुण कमी पडले एवढंच दिसतं.

उलट पेडण्यात वेगळी ओढ आहे. हरमल-मांद्र्याचे शॅक, हॉटेलं, आता मोपाचा विमानतळ. अठरा वर्षांच्या मुलाला लगेच पगार मिळतो. हे वाईट नाही, कष्टाची कमाई आहे. पण ज्याला शिकायची इच्छा आहे तोही घरच्या अडचणीमुळे त्या पगाराकडे वळतो, तेव्हा ती त्याची निवड होती असं म्हणून आपण मोकळे होऊ शकतो का?

*पात्र या शब्दाचे दोन अर्थ*

आपण सगळे "सत्पात्री दान" म्हणतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक दान कोणतं? द्यायलाच हवं या भावनेने, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्री दिलेलं, आणि तेही ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही अशाला दिलेलं. फळावर डोळा ठेवून, किंवा मनात कुरकुरत दिलेलं दान राजस.

आता "पात्र" म्हणजे काय? एक अर्थ लायक. दुसरा अर्थ भांडं. आम्हा स्वयंपाकघरातल्या बायकांना दुसरा अर्थ आधी आठवतो. भांडं ओतण्याजोगं आहे का हे बघायला दोन गोष्टी लागतात: ते फुटकं नसावं, आणि त्यात जागा असावी. काठोकाठ भरलेल्या घागरीत कुणी पाणी ओतत नाही, कारण ते बाहेर सांडतं. घागर वाईट असते म्हणून नव्हे.

मदतीचंही तसंच आहे. समजा दहा हजार रुपये आहेत. ज्या घरी फीची सोय आधीच आहे तिथे ते दिले तर बँकेतल्या ठेवीत जमा होतील. ज्या घरी त्या दहा हजारांवाचून प्रवेशाची तारीख टळणार आहे, तिथे एका मुलीचं वर्ष वाचेल, कदाचित पुढचं सगळं आयुष्य बदलेल. पैसे तेच, पण दुसऱ्या ठिकाणी ते कामाला आले.

मग फुटकं नसण्याचं काय? तेही बघायलाच हवं. शिकायची इच्छा आहे का, पास होण्याइतका अभ्यास आहे का, वर्गात नियमित बसणार का. आमच्या मते गुणांची जागा इथे आहे. गुण हा उंबरठा असावा, शिडी असू नये. उंबरठा ओलांडला की पुढचा प्रश्न गरजेचा.

*आपल्याच मातीतली उदाहरणं*

धर्मानंद कोसंबींचं नाव आपण ऐकलं आहे. 1876 साली गोव्यातल्या साखवाळ गावी जन्मले. नियमित शालेय शिक्षण फारसं नाही, घरच्या नारळीच्या बागायतीची कामं. पण ज्ञानाची अशी तहान की 1899 च्या अखेरीला घर सोडून निघाले. पुण्याला संस्कृत, मग काशी, पुढे सिलोन आणि ब्रह्मदेश, पाली भाषा आणि बौद्ध धर्म. काशीत विद्यार्थी म्हणून ते अन्नछत्रात जेवून शिकले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना 50 रुपये देऊ केले, ते महाराष्ट्रात राहून काम करता यावं म्हणून. 1910 साली हा साखवाळचा माणूस अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या कामासाठी गेला. टक्केवारीच्या कुठल्या यादीत त्यांचं नाव आलं असतं? पण पोटाला अन्न मिळालं, कुणीतरी ओळखलं, आणि त्या तहानेचं विद्येत रूपांतर झालं.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. अन्नछत्र, माधुकरी, वार लावून जेवणं या आपल्या फार सुंदर प्रथा होत्या, पण त्यांचं दार सगळ्या जातींना उघडं नव्हतं, आणि मुलींना तर नव्हतंच. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे ओळखलं. 1901 पासून त्यांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. बुद्धी खेड्यातही आहे, पण शहरात राहायला छप्पर आणि जेवायला ताट नाही म्हणून ती तिथेच अडते, हे त्यांनी पाहिलं. म्हणून आधी छप्पर आणि ताट दिलं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह चालवलं. तिथली मुलं काम करून शिकत. वसतिगृहात एकदा धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिलं, हे सर्वश्रुत आहे. त्या माऊलीने पानावर बसलेल्या मुलांना आधी टक्के विचारले नाहीत. भूक लागलेलं मूल शिकू शकत नाही, हे कळायला आई असणं पुरेसं असतं.

आणि सगळ्यात विचार करायला लावणारं उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचं. 1907 साली ते मॅट्रिक झाले. गुण मिळाले 750 पैकी 282, म्हणजे 38 टक्क्यांच्याही आत. त्या काळी त्यांच्या समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं हीच केवढी गोष्ट होती, म्हणून मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. हे गुरुजी आपल्या पेडण्यापलीकडच्या, वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा त्यांनीच शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांकडून महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 साली त्याच महाराजांच्या मदतीने बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

आज आपण "85 टक्क्यांच्या वरच्यांनीच अर्ज करावा" असा नियम केला, तर 282 गुणांची ती गुणपत्रिका आपण उघडूनही पाहणार नाही. केळुसकर गुरुजींनी गुणपत्रिका पाहिली नाही असं नाही. त्यांनी तिच्यापलीकडचा मुलगाही पाहिला. चर्नी रोडच्या बागेत तो वाचत बसलेला त्यांना दिसायचा.

एकलव्याची गोष्ट आपण गुरुभक्तीची म्हणून मुलांना सांगतो, आणि ती आहेच. पण ती गोष्ट आणखी एक विचारते. धनुर्विद्येत तो कुणाहूनही कमी नव्हता. कमी होता तो फक्त आत जाण्याचा अधिकार. गुण असूनही दार बंद असेल तर त्या विद्येचं काय होतं, हे महाभारताने सांगून ठेवलं आहे. आपल्या दाराशी असा कुणी उभा राहू नये, एवढं तरी आपण बघू शकतो.

*ज्या शंका येतात त्यांच्याविषयी*

पहिली शंका पालकांची, आणि ती अगदी रास्त आहे. "आमची मुलगी रात्री दोनपर्यंत अभ्यास करायची. आम्ही गरीब नाही हा तिचा दोष का?" मुळीच नाही. तिचा गौरव पूर्ण व्हावा, सर्वांसमोर व्हावा, माऊलींच्या हातचा प्रसाद आणि एखादं चांगलं पुस्तक तिला मिळावं. पण गौरव आणि मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात दोन मुलं असली आणि एकाला ताप आला तर आई त्याला पेज करून भरवते, दुसऱ्याला सांगते तू वाढून घे. म्हणून दुसरा तिला कमी लाडका असतो का? पेज हे बक्षीस नसतं.

दुसरी शंका: "कमी गुणांच्या मुलाला दिलं आणि त्याने मध्येच सोडलं तर पैसे वाया." असं होऊ शकतं. जास्त गुणांची मुलंही शाखा बदलतात, सोडतात. यावर उपाय आहे. एकदम सगळं न देता सत्रागणिक द्यावं. केंद्र सरकारच्या कॉलेज शिष्यवृत्तीत पुढच्या वर्षी रक्कम चालू राहायला 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते. तशी साधी अट आपणही ठेवू शकतो. पहिला नंबर मागायचा नाही, चालत राहणं मागायचं.

तिसरी शंका: "गरज कोण ठरवणार? दाखला तर कुणीही आणतो." खरं आहे. किनाऱ्यावर खोल्या भाड्याने देणाऱ्याचं उत्पन्नही कागदावर कमी दिसू शकतं, आणि ज्याच्या दारात ट्रक उभा आहे त्याचं घर कर्जात बुडालेलं असू शकतं. म्हणून दाखल्याबरोबर घरभेट हवी. दोन सेवेकरी, शक्यतो एक भगिनी असावी, घरी जाऊन चहा घेऊन यावं. चौकशीला आल्यासारखं नको, नातेवाईक आल्यासारखं जावं. डोळ्यांना बरंच दिसतं.

आणि एक शंका अशी आहे, जिचं पक्कं उत्तर आमच्याकडेही नाही. दोन्ही मुलं गरजू, एकाला 85 आणि दुसऱ्याला 60, आणि पैसे एकालाच पुरतील इतके. अर्धे-अर्धे केले तर वसतिगृहाची फी दोघांचीही भरत नाही. अशा वेळी आम्हाला वाटतं की आधी हे विचारावं: आपण नाही दिलं तर दुसरं कुठलं दार यांच्यासाठी उघडं आहे? 85 वाल्याला बहुतेक वेळा सरकारची किंवा एखाद्या ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळण्यासारखी असते, फक्त अर्ज करायला कुणी मदत करायला हवी. 60 वाल्याला आपल्यावाचून कुणी नसतं. जिथे सगळ्यांची दारं बंद आहेत तिथे आपण उभं राहावं. तरीही निवड करताना मन दुखणारच. ते दुखलं नाही तर उलट काळजी करावी.

*पैशाइतकीच दुसरी सेवा*

हे लक्षात घ्या की पुष्कळदा मुलं पैशावाचून नाही, माहितीवाचून अडतात. काही योजना सर्वांनी लिहून ठेवाव्यात.

आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची (एनएमएमएस) परीक्षा देता येते. सातवीत 55 टक्के हवेत, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये मिळतात. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना सातवीच्या गुणांत 5 टक्क्यांची सवलत आहे.

बारावीनंतर केंद्र सरकारची कॉलेज शिष्यवृत्ती आहे. आपल्या बोर्डाच्या शाखेत वरच्या वीस टक्के मुलांत नंबर हवा आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. पदवीला वर्षाला 12,000, पदव्युत्तरला 20,000. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर ऑनलाइन. या दोन्ही योजनांत गुण आणि गरज दोन्ही बघितलं जातं, हेही लक्षात घेण्यासारखं. याशिवाय गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिची चौकशी प्रत्येक गरजू घराने जरूर करावी.

आता या अर्जांना काय लागतं? उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, मुलाच्या नावाचं बँक खातं, ते आधारशी जोडलेलं, आणि सगळीकडे नावाचं स्पेलिंग सारखं. शिकलेल्या घराला हे अर्ध्या दिवसाचं काम. हणखण्याच्या किंवा साळच्या एखाद्या मजुराला यासाठी मामलेदार कचेरीच्या दोन-तीन खेपा, म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी. म्हणून कित्येक जण अर्जच करत नाहीत, आणि मग आपण म्हणतो योजना आहेत पण लोक फायदा घेत नाहीत.

आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत काम केलेले आहेत, कचेरीतले आहेत, कॉम्प्युटरवर सहज बोटं चालणारी कॉलेजची मुलं आहेत. निकालानंतरचे तीन-चार रविवार सत्संगानंतर एक टेबल मांडून अर्ज भरायला बसणं ही फार मोठी सेवा होईल. हार गुंफणं जशी सेवा, तशीच ही.

आणि इथेच आपल्या 92 टक्केवाल्या मुलांची आठवण येते. त्यांना आपण आग्रहाने सांगू या की बाळा, तुझे गुण तुझ्या कष्टाचे, पण त्यात आईने केलेल्या डब्याचं, शिक्षकांचं, सोबत बसून अभ्यास घेणाऱ्याचंही देणं आहे. ते देणं फेडायचं तर पाचवीत इंग्रजीला घाबरलेल्या एका मुलाला आठवड्यातून दोन तास शिकव. तुझ्या गुणांची शोभा त्याने वाढेल. असं एक जरी मूल पुढे आलं तर तो गौरव शालीपेक्षा मोठा.

*देताना कसं द्यावं*

शेवटी सुदाम्याची गोष्ट. सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण आणि सुदामा एका चटईवर शिकले. पुढे सुदामा द्वारकेला गेला तो फाटक्या वस्त्रानिशी. मागायला गेला होता, पण तोंड उघडेना. कृष्णाने काय केलं? पाय धुतले, जवळ बसवलं, पोहे आवडीने खाल्ले, आणि काहीच न दिल्यासारखं निरोप दिला. काय मिळालं ते सुदाम्याला घरी पोचल्यावर कळलं. भर दरबारात "या गरीब मित्राला मी अमुक दिलं" असं कृष्णाने जाहीर केलं नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. गौरव स्टेजवर व्हावा, टाळ्या वाजाव्यात, फोटो यावेत. मदत मात्र गुपचूप जावी. मदत घेणाऱ्या मुलाचं नाव ग्रुपवर नको, धनादेश हातात धरलेला फोटो तर नकोच. सोळा-सतरा वर्षांचं मूल फार मानी असतं. वर्गातल्या मित्राने तो फोटो पाहिला तर घेतलेली मदत त्याला आयुष्यभर टोचेल. कॉलेजच्या खात्यात फी परस्पर भरली, बसचा पास काढून दिला, पुस्तकांचा संच घरी पोचवला, की काम झालं. आपल्या महाप्रसादाच्या पंगतीत आपण कुणाला विचारत नाही की तू किती वेळा जप केलास. ज्याचं पान रिकामं तिथे वाढपी आधी वळतो, आणि वाढताना मान खाली घालून वाढतो. ती पंगतीची रीत शिक्षणाच्या निधीलाही लावता येईल.

या आठवड्याच्या कुटुंब-सत्संगात पुढच्या तीन प्रश्नांवर मुलांना घेऊन बोलावं ही विनंती:

1. आपल्या घरातल्या मुलाच्या यशात कुणाकुणाचा हात आहे? मुलालाच नावं सांगू द्या.

2. आपल्या वाड्यावर असं कोणतं मूल आहे, जे शिकू इच्छितं पण थांबायच्या बेतात आहे? नाव ग्रुपवर टाकू नका, सेवागटातल्या भगिनींना फोनवर सांगा.

3. पैसे सोडून आपलं कुटुंब त्या मुलासाठी काय करू शकतं? वेळ, वाहन, जुनी पुस्तकं, एक खोली, की फक्त अभ्यासाला बसायला शांत जागा?

कुणाला आमचं म्हणणं पटलं नसेल तर रविवारी सत्संगानंतर जरूर बोलावं. निधी सगळ्यांचा आहे, विचारही सगळ्यांनी मिळूनच व्हावा.

सर्व विद्यार्थ्यांना, फोटो आलेल्यांना आणि न आलेल्यांनाही, मनापासून आशीर्वाद.

जय गुरुदेव 🙏🌼
– शैक्षणिक सेवागट, भगिनी मंडळ (पेडणे व डिचोली)